रेडिओने मारलेला क्लॅरिनेटवाला

आमचे हे रेडिओवर वारले, तेव्हा बाथरूममध्ये दाढी करत होते. मी गॅससमोर उभी, हातात चहाचं गाळणं, आणि रेडिओ चांगला मोठा केलेला. मोठा का, तर पत्र मीच पाठवलं होतं ना! रोज सकाळी तो कार्यक्रम लागतो. आजच्या तारखेला कोण गाणारे-वाजवणारे जन्मले आणि कोण गेले ते सांगतात, मधूनमधून एखादी तबकडी लावतात. यांचा वाढदिवस, त्यातून सत्तरावा. म्हटलं, या माणसाने जन्मभर साठ जणांच्या वाद्यवृंदात दुसरा क्लॅरिनेट वाजवला, एकदा तरी त्याचं एकट्याचं नाव लोकांच्या कानावर पडू दे.

निवेदिकेने नाव घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. माझ्या अंगावर काटाच आला.

"अहो, या लवकर, तुमचं लागलंय!"

हे एका गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. आणि ती बया आवाज खाली आणून, गळा दाटून आल्यासारखी म्हणते, "याच दिवशी हे निष्ठावान वादक आपल्यातून निघून गेले. त्यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन."

गाळणं चहात पडलं.

लगेच पुढे लाडिक आवाजात तिने एका व्हायोलिनवाल्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. उदंड आयुष्य लाभो म्हणे! तो बिचारा मी लग्न होऊन या घरात आले त्याच्याही आधी गेलेला.

"अदलाबदल झालेली दिसते," हे म्हणाले आणि उरलेला गाल करायला आत गेले. हा असा स्वभाव. घराला आग लागली तर हे आधी पंखा बंद करतील.

मला मात्र धीर धरवेना, कारण तो दिवस साधा नव्हता. वाद्यवृंदाचा नियम असा, की साठी उलटली की दरवर्षी एकदा संचालकांसमोर एकट्याने वाजवून दाखवायचं. पसंत पडलं तर आणखी एक वर्ष, नाहीतर घरी. जुने संचालक तर यांनी क्लॅरिनेटची पेटी उघडायच्या आतच मान डोलवायचे. पण यंदा नव्या बाई आल्या होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या, आणि हसलं तर पगार कापतात अशा चेहऱ्याच्या. त्यात त्यांच्या व्यवस्थापकाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "दुसरा क्लॅरिनेट हवाच कशाला? कुणाला ऐकू तरी येतो का?"

त्या दिवशी हे घरी येऊन जेवता जेवता मला म्हणाले, "तुला येतो का गं मी ऐकू?"

आता माझी जीभ म्हणजे काही विचारू नका. म्हटलं, "साठ जणांत मला कसे ऐकू येणार तुम्ही? मला दिसता तेवढं पुरे आहे." हे ताट तसंच ठेवून उठले. तेव्हापासून रोज मागच्या खोलीचं दार लावून तासन् तास वाजवायचे, आणि बाहेर आले की तोंड उतरलेलं. खुर्ची गेली तर हा माणूस घरात बसून सुकत जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि ती परीक्षा त्याच दिवशी होती, सकाळच्या तालमीच्या आधी.

तेवढ्यात फोन वाजला. वन्सं. यांची थोरली बहीण. हुंदक्यांनी बोलता येईना त्यांना.

"अगं, कधी गेला? मला कळवलं पण नाहीस!"

"वन्सं, ते दाढी करतायत!"

"माझ्यापासून लपवू नकोस. रेडिओवर सांगितलं!"

म्हणजे मी सख्खी बायको खोटी आणि रेडिओ खरा! "थांबा, त्यांनाच देते," म्हणून मी फोन यांच्या कानाला लावला. पण तोवर यांनी रीड तोंडात धरलेली. क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसते ती वेताची पातळ पट्टी असते, ती आधी तोंडात धरून भिजवावी लागते, नाहीतर वाद्य किंचाळतं. परीक्षेच्या दिवशी एकदा तोंडात धरली की वाजवेपर्यंत हे ती काढत नाहीत. त्यामुळे बहिणीला हे म्हणाले, "ऊं. ऊं ऊं."

"अगं बाई! कण्हतोय तो!" वन्सं तिकडून किंचाळल्या. "अजून जीव आहे! डॉक्टर बोलाव!"

मी फोन ठेवला. ठेवला तोच परत वाजला. आधी शेजारच्या इमारतीतला वाणी, मग यांचा शाळेतला मित्र, मग फुलवाला, हार किती हवेत म्हणून. काल संध्याकाळी तर भेटले होते, म्हणजे रात्रीच गेले असणार, असा सगळ्यांनी आपापल्या मनाने हिशेब लावलेला. मधल्या एका फटीत मी रेडिओ स्टेशनचा नंबर फिरवला आणि थेट त्या निवेदिकेलाच गाठलं.

"काय हो, माझा नवरा मारलात तुम्ही!"

पलीकडे रडूच फुटलं. पोर लहान होती. म्हणाली, "टेबलाच्या डाव्या बाजूला जन्मलेल्यांचे कागद ठेवते मी आणि उजव्या बाजूला गेलेल्यांचे. काल नवा मायक्रोफोन बसवला, त्यासाठी टेबलच फिरवलं हो त्यांनी. मी सवयीने हात घातला. आता काय करू मी?"

"काय करू म्हणजे? जिवंत करा त्यांना!"

"साहेबांची परवानगी लागेल. साहेब दुपारी येतात."

"मारायला परवानगी लागली नाही ती?"

ती आणखी रडायला लागली. मला तिची दया आली, पण वेळ कुठे होता! मी तालमीच्या हॉलला फोन लावला. तिथे तो नुसता वाजत राहिला, कारण तालीम जवळ आली की तो फोन कुणी उचलत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, वाद्यवृंदात सगळ्यांनी रेडिओ ऐकला असणार. मेलेल्या माणसाची परीक्षा घ्यायला कोण थांबतंय? बाई खुर्ची मोडीत काढून मोकळ्या होतील, आणि तो व्यवस्थापक तर टपूनच बसलेला. एकदा खुर्ची गेली की मग माणूस जिवंत निघाला काय नि नाही काय!

"चला!" मी म्हटलं. "चपला घाला. नाही, बूट घाला. नाही, काहीही घाला, पण चला!"

दार उघडलं तर समोर तळमजल्यावरचा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर उभा. हातात पांढरी फुलं, मान खाली. "काकू, फार वाईट झालं," म्हणाला. मग मान वर केली. माझ्या मागे हे, तोंडात रीड, काखेत पेटी. मास्तरचा रंग उडाला.

"भूत नाही रे, काका आहेत," मी म्हटलं. "गाडी आहे ना खाली? काढ!"

आता त्या गाडीची गंमत ऐका. शिकाऊ माणसांची गाडी ती. मास्तर एरवी डावीकडे बसतो, आणि त्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, शिकणाऱ्याने घोळ घातला तर दाबायला. त्या दिवशी मास्तर चालवायला बसला आणि मी त्याच्या जागेवर. दर वळणावर माझा जीव वर-खाली, आणि जीव वर-खाली झाला की पाय आपोआप खाली. गाडी गचकन थांबायची.

"काकू, पाय वर घ्या!"

"घेतलाय! तू वेग वाढव!"

"या रस्त्यावर याहून जास्त चालत नाही. मी लोकांना हेच शिकवतो."

"अरे, माणूस मेलाय इथे!" मी ओरडले. मागून हे म्हणाले, "ऊं ऊं." आरशात पाहिलं तर हसत होते. कित्येक दिवसांनी हसताना पाहिलं मी त्यांना. मी मांडी घालून बसले, म्हणजे पायांचा प्रश्नच मिटला, आणि मास्तरने जन्मात पहिल्यांदा एका ट्रकला मागे टाकलं. टाकल्यावर आम्ही तिघंही ओरडलो. मलाही त्या घटकेला भीती कमी आणि मजा जास्त वाटत होती, खोटं कशाला बोलू!

हॉलच्या फाटकावरचा पहारेकरी यांना पाहून उभा राहिला, मग बसला, मग परत उभा राहिला. आम्ही जिना चढून तालमीच्या खोलीपाशी पोचलो, आणि दारावर लाल दिवा. तालीम सुरू झाली होती. लाल दिवा असताना ते दार कुणी उघडत नाही.

हे थांबले. रीड तोंडातून काढून हातात घेतली. "उशीर झाला," म्हणाले. "दिवा लाल आहे."

"खड्ड्यात गेला दिवा!" मी कडीला हात घातला. यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट कधी धरलं नव्हतं.

"थांब. खुर्ची रिकामी ठेवून वाजवतायत. आमच्यात रीत आहे तशी. कुणी गेलं की त्या दिवशी त्याचा भाग कुणी वाजवायचा नाही. थांब गं जरा. ऐक."

आतलं संथ होतं काहीतरी. मी हे किती वेळा ऐकलं असेल, पहिल्या रांगेत फुकटच्या पासावर बसून, सगळ्या वाद्यांचा एकच गलबला म्हणून. बासरी एकटी वर वर चढत गेली, आणि तिच्या खाली काहीच नव्हतं. अंधारात जिना उतरताना पुढची पायरी नसावी, तसा माझा जीव धस्सकन खाली गेला. मी यांच्याकडे पाहिलं.

"अहो, इथे तुम्ही असता?"

यांनी मान हलवली. डोळे भरले होते त्यांचे. माझेही भरायच्या बेतात आले, पण मी ते मागे लोटले. रडायची ती वेळ नव्हती.

आत बासरी डगमगली आणि थांबली. मग बाकीचेही एकेक करून थांबले. बाईंचा आवाज आला, "काय झालं? तुमचा सूर का हलला?"

"मॅडम, मी इथे काकांच्या सुरावर उभी असते," बासरीवाली म्हणाली. "आज खाली कुणीच नाही."

 मग बाई बोलल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मी आज त्यांना निवृत्त व्हायला सांगणार होते. व्यवस्थापकांना तसं कळवूनही टाकलं होतं. दुसऱ्या क्लॅरिनेटचं एकट्याचं ऐकण्यासारखं काय असणार, असं मला वाटलं. ते एकट्याचं ऐकायचं नव्हतंच. चूक होती माझी. आता ती सांगू कुणाला?"

"मला सांगा!" मी दार उघडलं. भिंतीवर आपटलंच ते. "नाहीतर यांनाच सांगा, हे काय, उभे आहेत!"

मग जे झालं, ते काय सांगू! कुणीतरी किंकाळी फोडली, कुणाचा तरी स्टँड खाली आला, मागे ड्रमवाल्याच्या हातून काठी सुटून ड्रमवर पडली आणि असा दणका झाला, की निम्मे लोक उभेच राहिले. बासरीवाली रडत होती आणि हसत होती. बाई पुतळ्यासारख्या उभ्या. साठ माणसं आमच्या यांच्याकडे बघत होती. सगळ्यांनी एकदम यांच्याकडे बघण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मरणातून परत आलेला हा माणूस काय म्हणावा?

"माफ करा मॅडम, दिवा लाल होता."

बाई हसल्या. खरंच हसल्या, दात दिसले! मग पुढे येऊन त्यांनी यांचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

"रेडिओवाल्यांची चूक झाली," हे सांगायला लागले. "आज माझा वाढदिवस आहे, म्हणून… ते जाऊ द्या. परीक्षा आता देतो. भिजलीये रीड." आणि गडबडीने पेटी उघडायला लागले. 

"नको काका," बाई म्हणाल्या. "ती झाली. तुम्ही बाहेर होतात तेव्हाच झाली. बसा तुमच्या जागेवर."

हे बसले. वाद्य जोडलं, रीड लावली, एकदा फुंकर मारून पाहिली. बाईंनी काठी वर केली. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी गेले नसते. बासरी पुन्हा चढायला लागली. आणि तिच्या खाली, अगदी खाली, एक जाड, उबदार सूर आला आणि तिथेच थांबून राहिला. बासरी निर्धास्त वर गेली.

सकाळपासून या माणसासाठी वन्सं रडल्या, ती निवेदिका रडली, ही बासरीवाली रडली. माझ्या डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं. आणि आता मी दाराच्या चौकटीला धरून अशी ओक्साबोक्शी रडायला लागले, की आवरता आवरेना. मागून मास्तर धापा टाकत आला. फुलं अजून हातातच.

"काकू, अहो, आता कशाला रडताय?" तो घाबरून कुजबुजला. "काका जिवंत आहेत की!"

"म्हणूनच रडतेय ना, मेल्या!"