माझ्या नावाचं दिवाळं

पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही सोसायटीत जा, निम्म्या बायका कागदोपत्री कारखानदार निघतील. कुणाच्या नावावर लेथ, कुणाच्या नावावर टेम्पो, कुणाच्या नावावर चाकणला अख्खा गाळा. नवरे मोठ्या कंपनीत परमनंट. कंपनीचा नियम असा, की नोकरी करताना दुसरा धंदा करायचा नाही; सापडलात तर घरी बसा. मग काय, काढा बायकोच्या नावावर! बाई घरी मेथी निवडतेय आणि पाटीवर प्रोप्रायटर म्हणून तिचं नाव. मीही त्यातलीच. आम्रपाली एंटरप्रायझेस, कुरुळी फाटा.

मशीन मी एकदाच पाहिलं, उद्घाटनाला. रिबन कापली, पेढे वाटले, फोटोत हसले. त्यानंतर सुजित म्हणेल तिथे सही. सुजित म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी ‘अहो’ म्हणते, पण डोकं फिरलं की मनात अरे-तुरेच येतं. आणि हल्ली डोकं फिरलेलंच असतं, तेव्हा इथेही तसंच चालू दे.

माणूस कष्टाळू आहे, ते मी नाकारत नाही. पहिली शिफ्ट संपली की घरी न येता थेट गाळ्यावर. एका गाडीच्या सीटखाली बसणाऱ्या लोखंडी पट्ट्या प्रेसवर दाबून काढायचं काम, चाकणच्या एका पुरवठादारासाठी. काम वाढलं म्हणून दुसरं मशीन घेतलं. महिला उद्योजकांना बिनतारण कर्ज मिळतं, व्याजही कमी, म्हणून तेही माझ्याच नावावर. आणि त्या गाडीचं मॉडेलच बंद पडलं. झालं! पट्ट्या कुणाला नकोत, पुरवठादार आधीची बिलं देईना, फोन उचलेना. मशीन उभं, गाळ्याचं भाडं चालू, हप्ते थकलेले. वसुलीवाली पोरं फोन करायची मला. “मॅडम, एवढ्या मोठ्या कारखानदार तुम्ही, आणि हप्ता भरत नाही?” मी म्हणायची, हो बाबा, कारखानदारच आहे मी, कुकरची शिट्टी झाली की बोलते.

शेवटी सुजित मला मोरवाडीला वकिलाकडे घेऊन गेला. तेजस्विनी नाव तिचं, आमच्या लेकीच्या, नेहाच्या वयाची असेल. पण पोरगी समजावून सांगायला हुशार.

“ताई, नादारीचा अर्ज करता येईल. दिवाळखोरी म्हणतात ना, तेच. तुमच्याकडे जे असेल ते कोर्ट विकून सगळ्यांत वाटतं, आणि पुढे तुम्ही मोकळ्या होता. यात लाज कसली? कायदा त्यासाठीच आहे.”

“माझ्याकडे आहे काय?”

“मशीन. थोडंफार सोनं असेल तर ते.”

सुजित लगेच पुढे सरकला. “फ्लॅट माझ्या नावावर आहे मॅडम. माझ्या पगारातून घेतलाय. त्याला हात नाही ना लागणार?”

“कर्जात तुमचं नाव कुठेच नसेल तर सहसा नाही.”

कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मलाही बरं वाटायला हवं होतं. पण तेजस्विनी पुढे म्हणाली, “फक्त धंदा तुम्ही स्वतः चालवत होतात, असं शपथेवर लिहून द्यावं लागेल. आणि ज्यांचं ज्यांचं देणं आहे ती सगळी नावं सांगायची. हातउसने असले तरी. एकाला आधी गुपचूप देऊन टाकलं, असं चालत नाही.”

“तानुबाईंचेसुद्धा?” मी विचारलं.

“त्यांचं नंतर बघू,” सुजित म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन उठला.

तानुबाई आमच्या कासारवाडीच्या चाळीतल्या शेजारीण. फ्लॅट घ्यायच्या आधी आम्ही तिथे राहायचो. नवरा गेल्यावर त्याच्या ग्रॅच्युइटीचे जे पैसे आले, त्यातले बरेचसे त्यांनी दुसऱ्या मशीनच्या वेळी आम्हाला दिले. ना कागद, ना व्याज.

घरी आल्यावर मी रडले. नेहा वाकडला आयटीत आहे. ती म्हणाली, “आई, किती मनाला लावून घेतेस! मोठमोठे उद्योगपती दिवाळं काढतात आणि नंतर नवी गाडी घेतात. आपणच काय घोडं मारलंय?” पोरीचं चुकत नव्हतं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? फोन थांबतील, रात्री झोप लागेल, घर राहील. पण मग वाटायचं, धंदा केला त्याने, बुडवला त्याने, आणि दिवाळखोर कोण? मी. चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी मीच, हे मी धरूनच चालले होते.

मग ठरवलं, तानुबाईंना आपल्या तोंडानं सांगायचं, कोर्टाच्या नोटिशीतून कळायला नको. दुपारच्या वेळी कासारवाडीला गेले. जय भीम झालं, पाणी झालं. त्यांच्या दारामागून रूळ जातात, गाडी आली की बोलणं थांबवावं लागतं. त्या थांबण्याचा मला आधारच वाटत होता. सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, “तानुबाई, खरं सांगू का, धंदा यांचाच होता हो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी नुसत्या सह्या केल्या.”

मला वाटलं, म्हणतील, बिचारी गं तू. कसलं काय! म्हातारीनं उलट मलाच विचारलं,

“पैसं म्या सुजितला दिलं व्हतं व्हय?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“त्यो दोन डाव आला व्हता मागाया. म्या न्हाई म्हनलं. गोड बोलतो, पर घाई लई. मंग तू आलीस. हितंच बसली व्हतीस. म्हनलीस, तानुबाय, माझ्यावर भरोसा ठेवा. तवा म्या दिलं. आता म्हन्तीस, म्या निस्ती सही केली. मंग म्या काय सहीला पैसं दिलं?”

“तसं नाही हो...”

“आगं, बुडालं तर बुडालं. रडंन दोन दिस. पर कोरटात जाऊन सांगनार धंदा म्या केला, आन माज्याम्होरं सांगतीस म्या न्हाई केला. येक कायतरी बोल की बाई!”

एक गाडी आली, गेली. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हटलं, आणि पायऱ्या उतरताना मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की रिक्षावाला “कुठं जायचं?” विचारत होता ते ऐकूच आलं नाही.

म्हातारीनं अचूक बोट ठेवलं होतं. सुजितला मागून मिळालं नाही ते माझ्या शब्दावर मिळालं. विहारातल्या बायका बचत गटाचे पैसे माझ्याकडे देतात आणि मोजत नाहीत. त्या गाळ्यात आमचं खरं भांडवल होतं ते तेवढंच. ते मी स्वतः नेऊन घातलं होतं, आणि वर संन्याशाचं सोंग घेऊन बसले होते. दिवाळं निघण्यात पाप नाही, तेजस्विनीचं खरंच होतं. बुडतो माणूस. पण घर झाकून ठेवायचं, शपथेवर खोटं लिहायचं, आणि तानुबाईंना वाटणीतली चिल्लर द्यायची, हे माझ्याकडून होणार नव्हतं.

संध्याकाळी सुजित आल्याबरोबर म्हटलं, “मी अर्जावर सही करते. पण खरं लिहून. धंदा कोण चालवत होतं, ते.”

“वेडी झालीस का? कंपनीत कळलं तर नोकरी जाईल माझी!”

“मग फ्लॅट विका. बँकेचं बरंचसं फिटेल, तानुबाईंचं सगळं फिटेल. राहिलेले हप्ते आपण दोघं भरू. मी डबे करीन.”

तो मटकन खाली बसला. “रात्रपाळ्या करून घेतलंय गं हे घर. आई या घरात गेली माझी. नेहाला बघायला येतील त्यांना काय चाळीत बसवायचं?” आणि एवढा मोठा बाप्या ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. माझा सगळा राग एका क्षणात पातळ झाला, पण मी शब्द मागे घेतला नाही. म्हटलं, “अहो, घर तुमच्या नावावर आहे, मला विकता येत नाही. माझ्या नावाचं काय करायचं ते मात्र मीच ठरवणार.”

बरेच दिवस आमच्यात ‘जेवायला वाढू?’ याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. मग एका सकाळी सेफ्टी शूजच्या नाड्या बांधता बांधता, वर न बघताच म्हणाला, “रविवारी एजंट माणसं घेऊन येतोय घर बघायला.”

तरुण जोडपं आलं. बाईने नळ सोडून बघितले, गॅलरीतून खाली वाकून पार्किंग बघितलं. मुलगा बोलका होता. बोलता बोलता कळलं, तो सुजितच्याच कंपनीत, चाकणच्या प्लांटला. घर त्याला आवडलं होतं. म्हणाला, “काका, एवढं छान ठेवलेलं घर का विकताय?”

एजंट झटकन म्हणाला, “साहेबांची ट्रान्सफर झालीय.”

सुजितने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. बोलू दे खोटं, म्हटलं मनात, घरापाठोपाठ नोकरी नको जायला.

“ट्रान्सफर नाही,” तो म्हणाला. “माझा कारखाना बुडाला. कागदावर हिचं नाव होतं, पण चालवत मी होतो. लोकांचे पैसे द्यायचेत.”

एजंटने कपाळावर हात मारला. आणि मारणारच, कारण त्या मुलाने बायकोशी कुजबुजून तिथल्या तिथे भाव पाडून मागितला. सुजित म्हणाला, “बसा, बोलू.” सोमवारी कंपनीत काय होईल, कुणाला माहीत. मी आत गेले, ओट्याला धरून हमसून हमसून रडले, आणि मग सगळ्यांसाठी चहा टाकला, त्या मेल्या एजंटासाठीसुद्धा.