तिसरी वायर

"दोनच आहेत," मिस्त्री म्हणाले.

"काय दोनच?"

"वायरी."

मुकादमीण पँट पिळत होती. ती तशीच, अर्धी पिळलेली पँट हातात धरून मागे वळली. धुवायला टाकण्याआधी मिस्त्रींनी खिशातलं सगळं खिडकीत काढून ठेवलं होतं. पेचकस, रुमाल, अर्धी पेन्सिल, आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या वीतभर लाल वायरी. आता ते त्या वायरी बोटांनी पुन्हा पुन्हा वेगळ्या करून बघत होते, जशी काही त्या दोघींच्या मध्ये तिसरी दडून बसली असेल.

"अस्तरात गेली असेल," ती म्हणाली. "तुमच्या खिशांना खिसे म्हणते ही माझी मेहरबानी आहे."

तिने ओले खिसे बाहेर ओढले, शिवण न् शिवण चाचपली. मग पिशवी उलटी केली, गादी उचलली, खाटेखाली वाकून पाहिलं. काही नव्हतं.

मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हे. गल्लीतल्या बायकांनी पाठीमागे ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. घरात कुणी कुठे बसायचं इथपासून मिस्त्रींनी केस कधी कापायचे इथपर्यंत सगळं तिच्या शब्दावर चाले. एका गोष्टीत मात्र मिस्त्रींचाच शब्द. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, गेली चौतीस वर्षं. संध्याकाळी घरी आले की आधी दारामागच्या फळीवर त्या लाल वायरी ठेवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "तीन." आतून तिने म्हणायचं, "तीन." मगच ताट वाढलं जायचं.

लग्नाच्या पहिल्या आठवड्यात तिने विचारलं होतं, हा काय पोरखेळ म्हणून. तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं. लिफ्टचं दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, ती बनवलेलीच तशी असते. पण दुरुस्ती करताना कधी कधी दार उघडं ठेवून ती हलवावी लागते. मग ही वायर जोडायची, म्हणजे लिफ्टला वाटतं दार बंद आहे. काम झालं की वायर काढायची. विसरली, तर दार उघडतं सातव्या मजल्यावर आणि लिफ्ट उभी असते तिसऱ्यावर. माणूस आपला सवयीने पाय टाकतो.

त्या दिवसापासून तिने "तीन" म्हणायला कधी कुरकुर केली नाही.

काल संध्याकाळी बेटावरच्या या खोलीत दारामागे फळी नव्हती. म्हणून कुणीच काही म्हणालं नव्हतं.

"कुठली लिफ्ट?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी खिडकीबाहेर बोट केलं. बोटीने वीस मिनिटांवर त्यांचंच शहर. सकाळच्या उन्हात पाण्यापलीकडे घरं एकमेकांना चिकटून उभी होती, आणि त्यांच्या डोक्यावरून वर निघालेली नऊमजली पिवळी इमारत. इमारतीच्या माथ्यावर चौकोनी खोली, लिफ्टच्या मोटारीची.

"सातव्या मजल्यावरच्या दाराची कडी धरत नाही. कधी धरते, कधी सोडते. नवी सोमवारी यायचीय. काल मी वर वायर जोडली, कडी घासली, तेल घातलं, पुन्हा वर आलो. आता वायर काढणार तेवढ्यात..."

"तेवढ्यात काय?"

"तुझा फोन आला."

तो तिचा तिसरा फोन होता. धक्क्यावर पिशव्या घेऊन उभी राहून ती ओरडली होती, "बोट काय तुमच्या सासऱ्यांनी बांधलीय, जावयासाठी थांबायला?" शेजारची माणसं हसली होती. तीही जरा ऐटीत हसली होती.

"सातव्यावर काय आहे हो?"

"डोळ्यांचा दवाखाना."

तिथे ती स्वतः गेली होती मागच्या वर्षी. डोळ्यांत थेंब घालतात, मग दोन तास सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. भिंतीला हात लावत लावत लिफ्टचं दार शोधायचं, ओढायचं, आत जायचं. आत काय आहे ते कोण बघतं.

"कधी उघडतो तो?"

"नऊला."

खोलीवालीच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"वहिनी, चहा निवला तुमचा," खोलीवाली दारात आली. बिचारी विधवा बाई, दोन खोल्या भाड्याने देऊन राहायची, पाहुण्यांशी हळू आवाजात बोलायची. "इथे फोन लागत नाही बरं का. त्यासाठीच तर माणसं येतात."

"लागतो कुठे?" मुकादमीण म्हणाली.

"दीपगृहाच्या पायऱ्यांवर. पण चढण आहे, तुमचे गुडघे..."

पुढचं ऐकायला दोघंही तिथे नव्हती.

ही दोन दिवसांची हवापालट लेकीने करून दिली होती. "आई, तिथे गाड्या नाहीत, आवाज नाही, कुणाला रागवायला माणूससुद्धा नाही. जरा बसून या." काल संध्याकाळी मुकादमीण वाळूत पाय पसरून खरोखरच बसली होती. पाणी यायचं, टाचा ओल्या करून जायचं. मिस्त्री शेजारी डुलक्या घेत होते. आपल्याला गुडघे आहेत ते नुसते दुखायला नव्हेत, असं तिला कित्येक वर्षांनी वाटलं होतं. ती बसली होती तेव्हाही ती वायर तिथेच होती. ती हसत होती तेव्हाही.

आज त्याच शांततेने तिचा जीव नकोसा झाला. चढणीवर दोघांच्या चपलांचा आवाज, आणि खाली पाण्याचा. बाकी जगात काहीच घडत नाही असं वाटावं इतकी शांतता. आणि पलीकडे कुणी दार ओढत असेल.

दीपगृहाच्या पाचव्या पायरीवर फोनला जाग आली. मिस्त्रींनी इमारतीच्या वॉचमनला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"झोपला असेल मेला."

"फेरीला गेला असेल," मिस्त्री म्हणाले. त्यांच्याकडून बटण दोनदा चुकलं.

ती इमारतीकडे बघत राहिली. वरून मोजत सातवा मजला तिने बोटाने शोधला. एका खिडकीची काच उन्हात चमकत होती, बाकी काही नाही. इथून इमारत सुरेख दिसत होती, चित्रात काढल्यासारखी. तिथल्या माणसांना हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ वाटत होती. आयुष्यभर तिने या ना त्या माणसाला हुकूम सोडले होते. आता सोडायचा तर तो पाण्याला.

तिसऱ्या खेपेला फोन उचलला गेला.

"मिस्त्री का? मीच लावणार होतो तुम्हाला," वॉचमनचा आवाज पायऱ्यांवर घुमला. "अहो, तुमच्या सातव्याच्या दाराने आज जीवच घेतला असता. एक आजीबाई, डोळ्याला पट्टी. दार ओढलं न् निघाली आत. लिफ्ट खाली माझ्याकडे. सून मागे होती म्हणून. तिने दंड धरून मागे खेचलं. चप्पल गेली खाली, म्हातारी राहिली."

मुकादमिणीने मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामाने चिंब.

"बोला ना," ती पुटपुटली.

"ऐक," मिस्त्री म्हणाले. "जिन्याखाली मोठा खटका आहे, लाल मुठीचा. तो खाली ओढ. आत्ता. मी धरतो फोन."

पावलं ऐकू आली, मग काहीतरी खडखडलं.

"ओढला."

"आत कोण आहे?"

"रिकामी आहे. चौथ्यावर अडकली."

"त्या मुठीला कुलूप घाल. कुणी आलं, कितीही ओरडलं, तरी काढायचं नाही. मी येतोय."

फोन ठेवून मिस्त्री पायरीवर खाली बसले. तीही बसली. दोघांच्या मध्ये ऊन पडलं होतं. ती म्हणाली, "झालं ना आता? दुपारच्या बोटीने जाऊ. वर जाऊन गुपचूप वायर काढा. दाराची कडी खराब होतीच, सगळ्यांना माहीत आहे."

"कंपनीच्या साहेबांना सांगायला हवं."

"कशाला? निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. चौतीस वर्षं बोट ठेवायला जागा नाही दिली कुणाला, आणि आता स्वतःच्या हाताने काळं फासून घेणार?"

"कुलूप तोडून कुणी चालू केली तर? ते म्हणतील, मिस्त्रीने उगाच बंद ठेवलीय."

"तुमची जीभ सगळ्या जन्मात सैल सुटली नाही, ती आजच सुटायची होती?"

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. तिला त्यांच्या नजरेत ती आजीबाई दिसली, एका पायात चप्पल असलेली. तिने मान फिरवली.

त्यांनी साहेबांना फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. तिच्या फोनाबद्दल ते बोललेच नाहीत. तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने फोन हिसकावला. "साहेब, घाई मी केली. बोटीसाठी मी त्यांना..."

"दे इकडे," मिस्त्री म्हणाले. आवाज न चढवता. तिने दिला. लग्नापासून त्यांनी तिला दिलेला तो पहिला हुकूम असावा.

साहेब म्हणाले, सोमवारी या. किल्ल्या, वायरी, सगळं घेऊन या.

खोलीवालीने ओली पँट पिशवीत घालून दिली. "आमचं काही चुकलं का, वहिनी?"

"तुमचं कसलं चुकतंय. तुमचं बेट छान आहे. आमच्याच मागे काहीतरी लागलं होतं," मुकादमीण म्हणाली, आणि बोटीत वीस मिनिटं त्या पिवळ्या इमारतीवरून नजर हलवली नाही.

इमारतीच्या जिन्यापाशी वॉचमन म्हणाला, "काकू, नऊ मजले आहेत. तुम्ही इथेच बसा."

"तू बस. तुला सवय आहे."

पाचव्या मजल्यावर तिचा उजवा गुडघा अडला. सातव्यावर दवाखान्याच्या बाकावर पट्ट्या बांधलेली माणसं जिन्याने उतरवायला कुणी येईल याची वाट बघत बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कठडा धरून पुढे चढली.

माथ्यावरच्या खोलीत मिस्त्रींनी लोखंडी झाकण उघडलं. तिने बॅटरी धरली. करड्या वायरींच्या गुंत्यात ती लाल वायर एवढी लख्ख दिसत होती की ती विसरणं शक्यच नव्हतं असं कुणीही म्हणालं असतं. मिस्त्रींनी एक चिमटा सोडवला, दुसरा सोडवला. वायर खिशातल्या दोघींबरोबर तळहातावर ठेवली.

"तीन," ते म्हणाले.

तिला धाप लागली होती. ती नुसती मान हलवू शकली.

खाली आल्यावर ते लिफ्टच्या खड्ड्यात उतरले आणि चप्पल घेऊन वर आले. साधी तपकिरी चप्पल, अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला. मुकादमिणीनेही स्वतःची चप्पल अशीच शिवली होती, अशाच दोऱ्याने. ती शेवटच्या पायरीवर बसली. मिस्त्रींनी रुमालाने चप्पल पुसली, तळव्यासकट, आणि सातव्या मजल्यावर परत चढून दवाखान्यातल्या बाईकडे नेऊन दिली.

सोमवारी किल्ल्या, वायरी साहेबांकडे ठेवून ते दुपारीच घरी आले. जेवले नाहीत. संध्याकाळी शर्ट घालून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि रोजच्या वेळेला परत आले. दार लोटल्याचा आवाज तिने आतून ऐकला. मग पावलं फळीपाशी थांबली. हात खिशात गेला असणार, कारण कापडाची सळसळ झाली. मग काहीच नाही.

मुकादमीण वाढण्याचा डाव हातात धरून उभी होती. भांड्यातून वाफ येत होती.

"तीन," ती म्हणाली.

बाहेर फळीवर रिकामा हात टेकल्याचा आवाज झाला.

"तीन," मिस्त्री म्हणाले, आणि तिने ताट वाढायला घेतलं.