चौदा थर आणि एक सुई

आमच्या हिने एकदा चौदा थरांचा केक केला होता. एकेक थर बोटाच्या निम्म्या जाडीचा आणि इतका हलका, की खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या. तरी एक थर वाऱ्याने उडून दिव्यावर जाऊन बसलाच. मी छत्रीने खाली काढला. खोटं वाटत असेल तर छत्री दाखवतो.

केक होता हिच्या धाकट्या भावासाठी. घरात त्याला सगळे अजगर म्हणतात, कारण हा माणूस चावत नाही. घास तोंडात जातो आणि पोटात पोचतो, मधलं काही नाही. आई गेल्यावर तिच्या भांड्यांच्या कपाटावरून बहीण-भावाचं बिनसलं. कपाट तो उचलून घेऊन गेला आणि नऊ वर्षं फिरकला नाही. मग एकदा फोन आला. "ताई, आई करायची तो थरांचा केक येतो का गं तुला? रविवारी आलो तर चालेल?"

"येतो की," ही म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. येत कुठे होता? लहानपणी आईला करताना नुसतं पाहिलेलं.

दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायची सोय नव्हती. साय घुसळून लोणी घरी काढलं, अंडी फेटून फेटून हिचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब झाला. पळीभर मिश्रण डब्यात पसरायचं, ओव्हनमध्ये सरकवायचं, थर भाजला की काढायचा, पुन्हा पळीभर. थर आतून झाला का, हे बघायची आईची पद्धत होती. रजई शिवायची लांब सुई थराच्या कडेने आडवी आत घालायची. कोरडी निघाली की झाला. सुईला वीतभर लाल दोरा कायम ओवलेला. कामाच्या व्यापात सुई कुठे विसरलीच, तर दोरा दिसावा म्हणून.

आता माझा भाग. शनिवारी माझ्या चष्म्याची काडी तुटली. समोर आईच्या त्याच सुईचा लाल दोरा दिसला. मजबूत होता. मी तो सुईतून ओढून काढला आणि चष्म्याला बांधला. पुढे ही साखरेच्या पाकाला खिळलेली असताना ओरडली, "अहो, तो थर बघा जरा, पाक सोडता येत नाही मला!" मी बघितला. असे तीन-चार थर बघितले. सुई परत टाचणीच्या उशीत खोचली. असं मला अगदी स्पष्ट आठवत होतं. पण माझी आठवण मोठी प्रेमळ आहे, मला जे हवं ते आणून देते.

रविवारी दुपारी अजगर आला. चपला काढताना खाली बघत होता, वर बघायला त्याला वेळ लागला. हिनेही काही विचारलं नाही, सरळ पाटावर बसवल्यासारखं टेबलाशी बसवलं आणि केक कापला. चौदा थर, मध्ये चॉकलेटचं क्रीम, वर पाकाची काच. त्याने टोकाचा मोठा घास तोडला, आणि घास गेला पोटात. डोळे मिटून म्हणाला, "आईच." मग डोळे उघडून, "ती लाल दोऱ्याची सुई आहे का गं अजून?"

"आहे तर!" ही आनंदाने उठली. टाचणीची उशी घेऊन आली. उशी रिकामी.

हिने उशी उलटी केली, दाबून बघितली. फडताळ बघितलं, ओट्याखाली बघितलं. मग सावकाश वळली आणि तिची नजर माझ्या चष्म्यावर येऊन थांबली. कानाजवळ लाल गाठ होती.

"अहो, सुई कुठाय?"

"अगं, परवा एक कावळा..."

"सुई कुठाय?"

"बहुतेक," मी म्हणालो, "थरात."

"कुठल्या थरात?"

"ते आठवत नाही."

अजगराने काटा हळूच खाली ठेवला. त्याचा हात पोटाकडे गेला आणि मध्येच थांबला, जणू पोटाला हात लावणंही धोक्याचं. कारण त्या घासात वरपासून खालपर्यंत चौदाही थर होते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, "आधी उरलेल्या केकमध्ये शोधा. त्यात नसली तर त्यांना तसंच उचलून आणा. हलू देऊ नका, पाणीसुद्धा नको."

अजगराला जमिनीवर आडवं केलं. हिने टेबलावर पांढरी चादर अंथरली. पहिला थर सुरीने अलगद उचलला, चादरीवर ठेवला आणि बोटांनी कुस्करला. चुरा चुरा होईपर्यंत. काही नाही.

दुसरा. काही नाही.

तिसरा. मी मदतीला हात पुढे केला तर ही म्हणाली, "लांब राहा!" तो आवाज मी पस्तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता.

एरवी थर कमी होतात ते खाल्ल्याने, आणि बरं वाटतं. त्या दिवशी एकेक थर संपला की सुई एकेक थराने त्याच्या पोटाच्या जवळ जात होती. पाचवा, सहावा. अजगराला उचकी लागली. तिघांनी श्वास रोखला. दुसरी उचकी आली नाही.

"ताई, टोचल्यासारखं होतंय."

"कुठे?"

"सगळीकडे."

आठवा. काही नाही. नववा. खिडक्या बंद होत्या, अंगावर घामाची धार होती, आणि मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्या थापा एकेक करून परत घेत होतो. छत्रीची सोडून.

"ताई," अजगर छताकडे बघत म्हणाला, "कपाट तुझंच होतं. आई मला म्हणाली होती. मी सांगितलं नाही. उद्याच पाठवतो."

हिने मान वर केली नाही. "आत्ता बोलू नकोस. हलतोस बोलताना."

दहावा. काही नाही. अकरावा. काही नाही. बारावा उचलताना सुरी आमच्या हिच्या हातातून सुटली. तिने ती उचलली नाही, थर नुसत्या हातांनी उचलला आणि मुठीत दाबला.

"आई गं!"

मूठ उघडली. क्रीममध्ये रक्ताचा ठिपका, आणि तळव्यात सुई.

मी खाली बसलो. अजगर उठून बसला, पोट दोन्ही हातांनी चाचपलं, सुईकडे बघितलं, पुन्हा पोट चाचपलं. मग इतका हसला, की डोळ्यांतून पाणी आलं. ते हसण्याचं होतं असं तो म्हणतो.

बऱ्याच वेळाने त्याने घसा खाकरला. "ताई, ते मघाशी कपाटाचं मी... म्हणजे, जीव कंठाशी आला होता गं."

हिने सुई पदराला पुसली आणि त्याच्यासमोर उभी धरली. तळव्यातून रक्त अजून पाझरत होतं. ती रागावलेली नव्हती. नऊ वर्षांनी भाऊ घरात होता आणि जिवंत होता, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"खरं होतं का?" तिने विचारलं.

अजगराने चादरीवरच्या चुऱ्याकडे बघितलं.

"खरं होतं."

"मग झालं तर."

"उद्या नाही जमणार पण. टेम्पो मिळायला हवा. परवा?"

"परवा ये. जेवायलाच ये," ही म्हणाली. "कपाट लावायला दोन माणसं लागतील."

"दाजी आहेत की."

दोघांनी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"शेजाऱ्यांना सांगते," ही म्हणाली.