डाव्या बाहीचे टाके

मी एक जुनी विणायची सुई आहे. नऊ नंबरची, टोकाशी जराशी वाकलेली. वाकडेपणा माझ्या अंगचा नाही; एकदा गल्लीतली कांताबोबो माझ्यावर बसली होती. माझी जुळी बहीण मात्र सरळ आहे, आणि ते ती कुणाला विसरू देत नाही.

मित्रांनो, माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते हिमाचलातल्या पालमपूरच्या बाजारातलं लोकरीचं दुकान. तिथून तृप्ताने आम्हा दोघींना घरी आणलं. ती शाळेच्या कचेरीत कामाला होती. तयार स्वेटर तिला सहज परवडले असते. पण थंडीत सुट्टीच्या दिवशी गल्लीतल्या बायका जेवणं उरकून गच्चीवर उन्हात बसत. मधे परातीत गूळ-मिरची लावलेल्या गलगलाच्या, म्हणजे डोंगरी लिंबाच्या, आंबट फोडी आणि प्रत्येकीच्या हातात विणकाम. विकतचा स्वेटर घालून तिथे जायची कुणाची छाती नव्हती.

त्या गच्चीवर हिशेब चोख असे. कुणी कुणाचा नमुना उचलला आणि वर आपलाच म्हणून मिरवला, सगळं जिच्या तिच्या नावे मांडलेलं. सर्वांत जास्त कांताबोबोच्या नावे. बोबो म्हणजे थोरली बहीण, आणि ती सगळ्या गल्लीची. एकदा बसमध्ये पुढच्या बाईच्या स्वेटरच्या पाठीवरची वेल डोळ्यांनी उतरवून घेता घेता ती थेट बैजनाथला पोचली. उतरायचं होतं पालमपूरला.

"त्या बाईला कळलं नाही, बोबो?" तृप्ताने विचारलं.

"तिला वाटलं मी चोर आहे. पर्स पोटाशी घट्ट धरून पाठ फिरवून बसली. मला पाठच हवी होती!"

तृप्ता कधी टेप वापरत नसे. नवरा रोशनलाल चहा पीत बसला, की ती त्याची पाठ वितीने मोजायची.

"दुकानात तयार मिळतात म्हणे स्वेटर," तो म्हणायचा. वीजखात्यातला माणूस, झटके द्यायची सवय.

"दुकानाला तुमची पाठ माहीत आहे का? एक खांदा वर, एक खाली."

"तो तुझ्या भाजीच्या पिशव्यांनी खाली गेलाय."

आणि मग तोच स्वेटर घालून चौकात उगाच दोन फेऱ्या मारायचा. कुणी विचारलं नाही, तर स्वतःच हात पुढे करून बाही दाखवायचा.

एका हिवाळ्यात त्याच्यासाठी राखाडी लोकर आणली होती. पाठ झाली, छाती झाली, उजवी बाही झाली. डावी कोपरापर्यंत आली होती. एका दुपारी ती गच्चीवर विणत होती, तेव्हा खालून कुणीतरी तिला हाक मारली. रोशनलालला कामावर असताना छातीत कळ आली होती. तो पुन्हा घरी आला तो चौघांनी धरलेला, तोंडावर चादर ओढलेला.

मित्रांनो, हात विणायला लागला की पहिली गोष्ट शिकवतात: ओळ अर्धी टाकून उठू नये. तृप्ता अर्ध्या ओळीवर उठली. निम्मे टाके माझ्यावर, निम्मे बहिणीवर.

नंतर कुणीतरी बहिणीवरचे टाके माझ्यावर सरकवले आणि सलवारीत नाडी घालायला तिला घेऊन गेलं. मी स्वेटरासकट ट्रंकेत गेले, डांबरगोळ्यांच्या शेजारी. आधी पाठीवरचे टाके ओढत. पुढे ओढ आहे की नाही तेही कळेनासं झालं.

बाहेर तृप्ताचंही तसंच होतं. गोधड्या काढायला ट्रंक उघडली की कानावर पडे.

"पौषात सुती ओढणीवर फिरतेस? नखं बघ, निळी पडलीत," बोबो ओरडायची.

"मला नाही वाजत थंडी."

"धौलाधारच्या डोंगरांवर बर्फ पडलाय, बाई!"

"पडू दे."

ती वेळेवर कामाला जाई, भात शिजवी, कुणी हसलं तर हसे. थंडी मात्र तिला लागत नव्हती. एकदा तापाने पडली तरी शाल घेतली नाही. तेव्हा तिची मुलगी शालू घाबरली आणि तिने ट्रंकेतून मला वर काढलं.

"उसवून टाक," बोबो म्हणाली. "लोकर धू, वजन बांधून वाळव, सरळ होईल. नवं काहीतरी विण."

"अम्मा?" शालूने विचारलं.

"उसव," तृप्ता म्हणाली. केर टाकून ये म्हणावं तशी.

शालूने धागा धरला, पण ओढला नाही. शोधून नाडीतून माझ्या बहिणीला सोडवलं आणि गच्चीवर बसून पुढे विणायला लागली. तिचा हात सैल. आईची वीण पाठीसारखी ताठ, हिची जांभई दिल्यासारखी. त्यात अर्धी राहिलेली ओळ तिने उलट्या दिशेने उचलली. अशाने काय होतं ते विणणाऱ्यांना ठाऊक आहे: तिथे भोक राहतं. अगदी कोपरावर राहिलं.

बाही जोडताना बोबोने कपाळावर हात मारला. "शालू, ही बाही आहे की उशीचा अभ्रा? आणि हे भोक कुणाच्या तोंडाचं? तृप्ता, तूच बघ आता!"

तृप्ताने स्वेटर हातात घेतला. वितीने मोजला नाही. सरळ डोक्यातून घातला. डावी बाही बोटांच्या खाली लोंबत होती. ती तशीच उन्हात बसून गलगलाची फोड चघळत राहिली. मग डोंगरावरून वारा आला.

तृप्ताने कोपरावर हात ठेवला.

"शालू, इथून गार लागतंय."

बोबोच्या सुया थांबल्या. शालूने घाईने धागा शोधला. "दे अम्मा, आत्ता बुजवते."

"राहू दे," तृप्ता म्हणाली. "शाल आण."

मित्रांनो, आता मी बिस्किटांच्या डब्यात असते. पाठ रिकामी आहे, हे अजून पाठीला पटलेलं नाही. तुमच्या घरी एखाद्या ट्रंकेत टाक्यांसकट पडलेली सुई असेल, तर तिला बाहेर काढा. विणता येत नसलं तरी चालेल. भोक राहिलं तर राहू द्या, पण निदान ती ओळ पुरी करा.