बेसमेंटमधली विभूती

एडिसन या अमेरिकी गावातल्या संजीव-वीणाच्या घराबाहेर बुटांचा ढीग पडला होता. आत, बेसमेंटमध्ये, साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने बसली होती. महाराजांनी ओल्या भगव्या फडक्याने देवांच्या तसबिरी पुसल्या, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात चकचकीत फ्रेमांवर पांढुरकी राख फुलू लागली.

"हात लावून बघा! कोमट लागतंय ना? देव श्वास घेतोय!" महाराज गरजले.

जमलेले इंजिनिअरसुद्धा रडू लागले. शशिकांतकाकांनी घरून आणलेली फ्रेम तेवढी स्वच्छ राहिली. ती लाकडी होती.

"श्रद्धा वाढवा," महाराज काकांना म्हणाले.

माझ्याही हातावर चिमूटभर राख पडली. मला हसू आलं, पण चारचौघांत वाईटपणा कशाला घ्या? ती रुमालात बांधून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते.

वर स्वयंपाकघरात वीणा आपल्या चार वर्षांच्या मुलाला, देवांगला, दुधातून विभूती पाजत होती. त्याचे तळवे लालभडक होऊन सोलले होते. तो घामाने निथळत होता, आणि दिव्याकडे बघितलं की रडत होता.

"खोकल्यासाठी सुरू केली, नरेंद्रकाका," वीणा म्हणाली. "मग हे सुरू झालं. महाराज म्हणतात, आतलं विष बाहेर पडतंय, डोस डबल करा."

"सांडलेलीसुद्धा देतेस?"

"प्रसाद पायाखाली कसा येऊ द्यायचा? कार्पेटवरून वेचून देते."

मी रुमाल ओळखीतल्या प्रणिताकडे नेला. नागपूरची ही मुलगी बंद कारखान्यांच्या जमिनीत किती विष मुरलंय आणि त्याचा माणसांना किती धोका आहे, ते मोजायची. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"काका, यात पारा आहे. देवांगला आत्ता हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं."

आम्ही दोघं लगेच वीणाकडे गेलो, पण ती ऐकेना. "तू तर देवच मानत नाहीस," ती प्रणितालाच म्हणाली.

प्रणिताने वाद घातला नाही. तिने बेसमेंटच्या खिडक्या उघडल्या, देवांगला माझ्याबरोबर अंगणात पाठवलं, हातमोजे चढवले आणि महाराजांनी तिथेच ठेवलेलं ते फडकं उचललं. कोपऱ्यात मसालेभाताचा रिकामा ॲल्युमिनियमचा ट्रे पडला होता. तिने तो त्या फडक्याने घासला. मी अंगणाकडच्या दारातून बघत होतो. ट्रेवर तीच राख फुलू लागली.

"ताई, या ट्रेमध्ये कुठला देव आहे? फडक्याला पाऱ्याचा क्षार लावलाय. तो फ्रेमांच्या ॲल्युमिनियमला लागला की राख येते, आणि धातू तापतो. लाकडावर काहीच होत नाही. आता मला सांग, रोज किती देत होतीस? किती दिवस?"

"आधी एक चिमूट. नंतर दोन. सात आठवडे." हॉस्पिटलला जायला वीणाने गाडीची किल्ली उचलली. "माझ्याच हाताने दिली गं."

महाराज तोवर दुसऱ्या राज्यात पसार झाले होते. विषारी कचरा साफ करणारी, पांढरे सूट घातलेली माणसं आली आणि कार्पेट उचलून घेऊन गेली. देवांग वाचला. पण किडनी अधू झाली, आणि हात अजून थरथरतात.

माझं मागणं एवढंच आहे. हातावर काही पडलं, तर नमस्कार हवा तर करा, पण तोंडात टाकण्याआधी विचारा : हे काय आहे, किती आहे, आणि एवढ्याशा लेकराला किती सोसेल? वाईटपणा आला तर येऊ द्या. मी तो घेतला नाही. काल देवांगने माझ्यासाठी सूर्य काढला. गोल काही केल्या जुळेना, तेव्हा त्याने खडू खाली ठेवला आणि हात खिशात लपवले.