नालीखालच्या तारा

माया गजभिये बदली होऊन नागपूरला आली तेव्हा जानेवारी संपत आला होता. बारा वर्षांच्या नोकरीत तिने परराज्यांतली तीन प्रक्षेपण केंद्रं पाहिली होती. जरीपटक्याला आईवडिलांजवळ राहता येईल म्हणून ही बदली तिने मागून घेतली होती. केंद्र मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, हिंगण्याच्याही पुढे. सकाळी सहाला स्कूटर काढायची, कारखान्यांच्या बसेसच्या मागेमागे जायचं, शेवटची कंपनी मागे पडली की उजवीकडे वळायचं.

आवारात दोन इमारती होत्या. मोठ्या इमारतीत पूर्वी टीव्हीचा ट्रान्समीटर होता. तो सुरू झाला त्या वर्षी पन्नास-साठ किलोमीटरपर्यंतच्या गावांत लोकांनी कौलांवर बांबू उभे करून अँटेना बांधल्या होत्या आणि चित्र नीट दिसेना की थेट केंद्रात येऊन भांडत होते. मग घरोघरी डिश आली, भांडायला येणारे थांबले आणि पाच वर्षांपूर्वी एका पत्रासरशी तो ट्रान्समीटर बंद झाला. यंत्रं भंगारात गेली. त्या हॉलमध्ये आता मोडक्या खुर्च्या आणि जुने एसी ठेवलेले होते.

लहान इमारतीतला रेडिओचा ट्रान्समीटर अजून चालू होता. त्याचा मनोरा चिनी मातीच्या एका जाड ठोकळ्यावर उभा होता, कारण मनोऱ्याचं सगळं लोखंडच अँटेना होतं आणि जमिनीला त्याचा स्पर्श होऊन चालणार नव्हतं. पण नुसत्या मनोऱ्याने काम होत नाही. त्याच्या पायथ्यापासून चारी दिशांना, चाकाच्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या एकशेवीस तारा जमिनीखाली पुरलेल्या होत्या. मनोरा दिसतो तेवढी अर्धी अँटेना. उरलेली अर्धी मातीत.

फेब्रुवारीच्या मध्यापासून हा ट्रान्समीटर दुपारी बंद पडायला लागला. मनोऱ्याकडे पाठवलेली वीज वर न जाता काही प्रमाणात उलटी फिरायची, ती मर्यादेबाहेर गेली की यंत्र स्वतःला वाचवायला आपोआप बंद व्हायचं. पाच मिनिटांनी सुरू करायचं, अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

केंद्राचे प्रमुख मधुसूदन बक्षी जूनअखेर निवृत्त होणार होते. माणूस कामाचा आणि मायाळू. पहिल्याच दिवशी त्यांनी मायाला स्वतःच्या डब्यातली भाकरी वाढली होती आणि ट्रान्समीटरचा एकेक कप्पा उघडून दाखवला होता. त्यांचं म्हणणं होतं की नागपूरच्या उन्हाने यंत्र तापतं. गेल्या दोन उन्हाळ्यांतही असंच झालं होतं. तेव्हा त्यांनी पंखे बदलले होते, नवे एसी बसवले होते. या वर्षी त्यांनी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्यासुद्धा लावून घेतल्या. यंत्र तरीही बंद पडत राहिलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरून पत्र आलं. जी केंद्रं महिन्यात ठरावीक तासांपेक्षा जास्त वेळ बंद राहतात, त्यांची यादी जूनमध्ये होणार होती. यादीत नाव आलं की केंद्र बंद. बक्षींनी ते पत्र मायाला वाचायला दिलं आणि फाइलला लावून टाक म्हणून सांगितलं.

त्याच सुमारास गारपीट झाली. दोन दिवस पाऊस पडला, तिसऱ्या दिवशी ऊन पूर्वीइतकंच कडक झालं. पण ट्रान्समीटर पुढचे पाच दिवस एकदाही बंद पडला नाही. मायाने तीन वर्षांची लॉगबुकं काढली. प्रत्येक वर्षी फेब्रुवारी ते जून त्रास, पाऊस लागला की संपूर्ण शांत. उकाडा तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही असतोच. पण तेव्हा यंत्र बंद पडत नव्हतं. ते उन्हाने नव्हे, जमीन कोरडी पडली की बिघडत होतं. म्हणजे दोष मातीतल्या तारांत होता.

तिने हे बक्षींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तारांचा नकाशा वाळवीने खाल्ला त्याला पंधरा वर्षं झाली, एवढंच म्हणाले. आवार जवळजवळ वीस एकरांचं. नकाशाशिवाय खणायचं कुठे, हा प्रश्न होताच. गेटवरच्या गार्डने मायाला एक नाव सांगितलं: शालिकराम भोयर. तारा पुरल्या तेव्हा तो रोजंदारीवर होता, नंतर हेल्पर म्हणून कायम झाला आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. शहराच्या दक्षिण टोकाला, बेस्याला राहतो.

रविवारी माया बेस्याला गेली. चारी बाजूंना फ्लॅटच्या इमारती उठल्या होत्या आणि मधे शालिकरामचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्या बायकोने, कांताबाईने, खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. मायाने सगळं सांगितलं. शालिकराम मान खाली घालून ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर त्याने विचारलं,

"साहेबानं पाठवलं का तुम्हाले?"

"नाही. मीच आले."

त्याने चहाची कपबशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी येतो, मॅडम. पण साहेबाले सांगून ठेवा, शालिकराम येऊन राहिला म्हणून. मागून नको."

मायाने सोमवारी सकाळीच सांगितलं. बक्षींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बरं, म्हणाले.

शालिकराम मंगळवारी दहा वाजता आला. सकाळचं प्रसारण दहाला संपायचं आणि दुपारचं बाराला सुरू व्हायचं; मनोऱ्याजवळ जायचं तर याच दोन तासांत. मायाला वाटलं होतं, तो पायथ्यापासून एकेक तार शोधत जाईल. तो तिकडे वळलाच नाही. मनोऱ्यापासून तीसेक मीटरवर सिमेंटची एक नाली होती, पावसाचं पाणी पायथ्याशी साचू नये म्हणून बांधलेली. तिच्या काठाने तो चालत गेला, एका जागी थांबला आणि पावड्याने एक खूण केली.

"इथं खणा."

वीतभर खाली तार लागली. हिरवी पडलेली, आणि नालीच्या कडेला तिला दुसऱ्या तारेचा पीळ घातलेला. शालिकरामने पीळ दोन बोटांत धरून हलवला, तसा तो सुटून हातात आला. आतून काळा आणि भुसभुशीत झाला होता. चार हातांवर दुसरी तार काढली. तिचंही तेच. बारा वाजेपर्यंत सहा तारा उघड्या केल्या. सहाही तशाच.

मनोऱ्यापासून दूर, लिंबाच्या झाडाखाली पाणी पिताना मायाने विचारलं, नेमकी जागा कशी कळली. तेव्हा शालिकरामने सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ही नाली खणली. कंत्राटदाराने जेसीबी लावला. तारा आहेत, हाताने खणा, असं शालिकराम सांगत होता. पण पावसाळा तोंडावर होता आणि माणसं मिळत नव्हती. एका दिवसात एकेचाळीस तारा तुटल्या. जेसीबीच्या बकेटमध्ये तांब्याची तोंडं लोंबताना त्याने पाहिली. त्याने ती मोजली आणि साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. साहेब कंत्राटदाराला बोलले, तारा जोडून द्या म्हणाले. कंत्राटदाराच्या माणसांनी नालीखालून तारेचे तुकडे टाकले आणि दोन्ही बाजूंना नुसता पीळ दिला. चांदीमिश्रित धातू वितळवून डाग दिल्याशिवाय असा जोड मातीत टिकत नाही. शालिकराम पुन्हा साहेबांकडे गेला. साहेब फोनवर होते. बघतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी माती लोटली गेली आणि काम झाल्याचा कागद सही होऊन निघूनही गेला.

"मग तुम्ही परत काहून नाही बोललात?" मायाच्याही तोंडात घरची भाषा आली.

"दोनदा सांगतलं न, मॅडम. हेल्परनं किती खेपा सांगाव?"

मायाने पुढे विचारलं नाही. तिच्या वडिलांनीही वीज मंडळात तीस वर्षं हेल्पर म्हणून काढली होती. ते घरी येऊन काय बोलत आणि काय बोलत नसत, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी खणणं चालू असताना बक्षी स्वतः बाहेर आले. डोक्याला रुमाल बांधला होता. ते नालीच्या काठाशी उभे राहिले. शालिकरामने खड्ड्यातून एक जोड काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. बोटांना काळं लागलं.

"शालिकराम, तू तेव्हा सांगितलं होतंस."

"हो, साहेब."

"मी ऐकलं नाही तुझं."

"आयकलं होतं, साहेब," शालिकराम खड्ड्यातूनच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पाहाले आले नाही तुम्ही."

बक्षी तो जोड खिशात घालून आत गेले. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

आठवडाभरात एकेचाळीसही तारा उघड्या झाल्या; अहवाल लिहायचं काम मायाचं होतं. तिने तो घरी बसून दोनदा लिहिला. पहिल्या खेपेला सगळं लिहिलं: जेसीबी, पीळ, शालिकरामचं सांगणं, बक्षींची सही. ते वाचलं तेव्हा तिला बक्षींचे राहिलेले तीन महिने दिसले. तो कागद तिने फाडला नाही, पण दुसरा लिहिला. त्यात एवढंच होतं की नालीलगतचे जोड गंजल्यामुळे एकेचाळीस तारा निकामी झाल्या आहेत, ते डाग देऊन नव्याने जोडावे लागतील. लिहिलेलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तरीही तो कागद बक्षींच्या टेबलावर ठेवताना तिला अवघडल्यासारखं झालं.

त्यांनी तो सावकाश वाचला.

"हे जोड कोणी केले, काम कोणी पास केलं, ते यात नाही."

"मी जे पाहिलं तेवढंच लिहिलंय, सर."

"खाली सही तुझी आहे. उद्या कोणी विचारलं, की हे माहीत होतं का, तर काय सांगशील?"

बक्षींनी पेन काढलं आणि तिच्या सहीच्या खाली आपल्या बारीक अक्षरात चार ओळी लिहिल्या. काम माझ्या काळात झालं. जोड सदोष असल्याचं हेल्पर श्री. शालिकराम भोयर यांनी दोन वेळा माझ्या कानावर घातलं होतं. मी जागेवर जाऊन न पाहता काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही केली. खाली नाव, तारीख. मग त्यांनी तिला तो टायपिस्टकडे न देता आहे तसाच पाठवायला सांगितलं.

दुरुस्तीला मंजुरी यायला बारा दिवस लागले. हिंगण्याच्या एका कारखान्यातून रजा घेऊन आलेला वेल्डर, दोन मजूर आणि शालिकराम, असे चौघे रोज दहा ते बारा काम करत. एकेका तारेला दोन जोड, एकूण ब्याऐंशी. तार घासून लख्ख करायची, डाग द्यायचा, थंड झाल्यावर शालिकराम ती दोन्ही हातांनी ओढून पाहायचा आणि मगच माती लोटू द्यायचा. सात जोड त्याने परत करायला लावले. वेल्डर वैतागला, पण त्याने केले. माया प्रत्येक तारेची जागा मोजून कागदावर मांडत होती. अकराव्या दिवशी काम संपलं.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला. दुपारी दोनच्या शिफ्टला माया मीटरच्या काट्यासमोर बसून राहायची. उलट्या फिरणाऱ्या विजेचा काटा एका जागी होता. पूर्ण महिन्यात ट्रान्समीटर एकदा बंद पडला, तोही गावची वीज गेली म्हणून. जूनच्या यादीत केंद्राचं नाव नव्हतं. वर्षभराने पुन्हा तपासणी होईल, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं.

दुसरं पत्र बक्षींच्या नावाने होतं. त्यांच्याकडून खुलासा मागवला होता. त्यांनी तो एका पानात दिला. पुढे त्यांच्या सेवापुस्तकात नापसंतीची नोंद झाली आणि निवृत्तीची कागदपत्रं तीन महिने अडकली. कंत्राटदाराचा पत्ता बदलला होता; तो सापडला नाही.

निरोपसमारंभ टीव्हीच्या रिकाम्या हॉलमध्ये झाला. मोडक्या खुर्च्या एका भिंतीला सरकवून चांगल्या वीसेक मांडल्या होत्या. शालिकराम पांढरा सदरा घालून आला आणि मागच्या रांगेत बसला. बक्षी थोडंच बोलले. सगळ्यांचे आभार मानले, शालिकरामचेही, पण इतरांच्या बरोबरीने, नाव घेऊन पुढे गेले. नालीचा विषय निघाला नाही. मायाला ते खटकलं. एवढ्या लोकांसमोर त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं, असं तिला वाटत राहिलं.

समारंभ संपल्यावर ती शालिकरामला स्कूटरवर बेस्याला सोडायला गेली. घराजवळच्या वळणावर त्याने थांबायला सांगितलं. पुढे इमारतीच्या कामाची वाळू पडली होती. तो उतरला तेव्हा तिने विचारलंच, की तुम्हाला वाईट नाही वाटलं का.

"काहून वाटंल? त्याईनं कागदावर लिहून देल्लं, माह्या नावानिशी. तोंडानं तं कोनीबी बोलते." मग त्याने हातातली मिठाईची पुडी दुसऱ्या हातात घेतली. "मॅडम, दक्षिणेकडच्या तारा एकदा पाहून घ्या. तिकडं ट्रॅक्टर जात होता मधात."

माया म्हणाली की पावसाळ्यानंतर बघू, तुम्हीच या. शालिकरामने मान हलवली आणि वाळूच्या ढिगाला वळसा घालून तो घराकडे गेला.