मागच्या फाटकाला कुलूप

मी बोलतोय, आणि जरा वैतागूनच बोलतोय. बसवनगुडीतल्या एका शाळेचं मी मागचं फाटक. दहावीचा निकाल घसरला आणि त्याचा ठपका आला माझ्यावर. मी कधी कुणाला गणित शिकवलं नाही, कुणाचा पेपर तपासला नाही. तरी आलाच.

माझा जन्म यशवंतपूरच्या एका शेडमधला. तिथं खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे असं काहीबाही घडायचं. मला टेम्पोत आडवं घालून इथं आणलं आणि शाळेच्या मागच्या भिंतीत उभं केलं. पुढचं फाटक मोठ्या रस्त्यावर उघडतं. बस, रिक्षा, व्हॅन, सगळ्यांच्या तोंडावर. माझ्यासमोर मात्र शांत गल्ली आहे. करंजाची झाडं, कोपऱ्यावर बेकरी आणि अगदी समोर डॉक्टर भव्यांचा दवाखाना. लहान वर्गांची पोरं माझ्यातून घरी जायची. जाता जाता माझ्या गजांवरून पट्टी फिरवून टर्रर्र आवाज काढायची. मला ते आवडायचं.

माझ्या शेजारीच शाळा समितीची खोली. तिची खिडकी माझ्याकडे उघडते, त्यामुळे माझी सुटका नाही. सगळं ऐकावं लागतं. अध्यक्ष गुंडोराव. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठीत कानडी कधी शिरतं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. माणूस मनानं चांगला, पण शाळा सुटून गर्दी ओसरली की मगच गाडीतून येणार. सचिव उमाकांत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हेब्बाळला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. कामं झटपट उरकायची भारी हौस. आणि शिक्षकांच्या वतीनं हेमलताबाई. त्या विज्ञान शिकवतात. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथं आल्या आणि इथल्याच झाल्या.

निकालानंतरच्या बैठकीत उमाकांतांनी भिंतीवर रंगीत आलेख दाखवले. त्यांचं म्हणणं असं, की पोरं दुपारी मागच्या फाटकातून बेकरीत पळतात, अभ्यासातलं लक्ष उडतं. शिवाय मागून कुणीही आत घुसू शकतं. तेव्हा फाटकच बंद करू. सुरक्षा झाली, निकालही सुधारला, एका ठरावात दोन्ही कामं.

हेमलताबाईंनी सांगून पाहिलं. गणिताचे सर दसऱ्याच्या सुट्टीनंतर नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी कुणाला नेमलंच नाही. दहावीचं गणित त्यांनी स्वतः विज्ञान सांभाळून, जमेल तसं घेतलं. नापास झालेली बहुतेक मुलं गणितातच गेली, बेकरीतल्या खाऱ्या बनात नाही. अण्णा म्हणाले, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीत पंख्यांचा विषय निघाला.

माझा ठराव मात्र पहिल्याच बैठकीत मंजूर झाला होता. मला साखळी गुंडाळली, कुलूप घातलं. चावी उमाकांतांच्या जुडग्यात. म्हणजे शाळेच्या फाटकाची चावी रोज हेब्बाळला ऑफिसला जायची. याला सुरक्षा म्हणायचं. बाईंनी दोनदा आठवण करून दिली, की लहान मुलांना पुढच्या रस्त्यावर सोडणं बरं नव्हे. उमाकांतांनी दोन्ही वेळा हसून मान डोलावली.

मग तो ऑगस्टमधला दिवस आला. शाळा सुटल्याची घंटा झाली आणि थोड्या वेळानं पुढून वेगळाच गलका ऐकू आला. तिसरीतली मनस्विनी गर्दीत ढकलली जाऊन रस्त्यावर गेली होती आणि मागं घेत असलेल्या व्हॅनचं चाक तिच्या पायावर चढलं होतं. हेमलताबाई तिला उचलून धावत आल्या, सरळ माझ्याकडे. समोरच दवाखाना, दारात डॉक्टर भव्या उभ्या. मध्ये फक्त मी.

बाईंनी मला हलवलं. मी हललो, उघडलो नाही. लोखंडाला लाज वाटत नाही असं समजणाऱ्यांनी त्या वेळी इथं यायला हवं होतं. बाई एका हातानं साखळी ओढत होत्या आणि पोर त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती. डॉक्टर धावत आल्या, गजांतून हात घालून त्यांनी पायावर कापडाची पट्टी दाबून धरली, पण पोरीला पलीकडे नेणार कसं? शेवटी बाई मागं फिरल्या आणि त्याच गर्दीतून, पुढच्या रस्त्यानं, अख्ख्या शाळेला वळसा घालून गेल्या.

पायाचं हाड मोडलं होतं. जीव वाचला म्हणायचा.

समितीनं तातडीची बैठक घेतली. दुःख व्यक्त झालं. मग ठरलं काय, तर सुरक्षा सप्ताह पाळायचा आणि एक कॅमेरा बसवायचा. कुठं? माझ्यावर. बंद फाटकाकडे रात्रंदिवस टक लावून बघणारा कॅमेरा. मला हसावं की रडावं कळेना.

हेमलताबाई त्या बैठकीत भांडल्या नाहीत. उठताना अण्णांना एवढंच म्हणाल्या, "अण्णा, उद्या शाळा सुटायच्या वेळेला पुढच्या फाटकाशी या. गाडी नको, पायी या."

अण्णा आले. तिथं काय झालं ते मी पाहिलं नाही, पण नंतर बाईंच्या हाताला धरून ते माझ्यापाशी आले तेव्हा त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती आणि सदऱ्याची बाही उसवली होती. दोन छोटी मुलं त्यांच्या धोतराला धरून होती. गर्दीत त्यांना तेवढाच आधार सापडला असावा. मागून उमाकांत आले. ते त्या दिवशी कॅमेऱ्याच्या कामासाठी शाळेत होते.

अण्णा दम खात म्हणाले, "उमाकांत, कीली कोडी."

उमाकांतांनी खिशावर हात ठेवला, पण चावी काढली नाही. "अण्णा, ठराव झालाय. पुढच्या मीटिंगमध्ये रीतसर..."

"ठराव मीच केला. चुकला. चावी द्या."

कुलूप गंजलं होतं, बाईंनाच जोर लावावा लागला. मी करकरत उघडलो आणि ती दोन पोरं मागं न बघता गल्लीत पळाली. अण्णा डॉक्टरांच्या पायरीवर जाऊन बसले. उसवलेली बाही दुमडत त्यांनी विचारलं, "आणि ते गणिताचं काय म्हणत होता तुम्ही, अक्का?"

"सांगत नाही आता," हेमलताबाई म्हणाल्या. "सोमवारी दहावीच्या वर्गात येऊन बसा."

सोमवारी अण्णा माझ्यातूनच आत गेले. एक अख्खी दुपार ते मागच्या बाकावर बसले. मला नंतर कळलं, बाई प्रयोगशाळेत सातवीला शिकवत होत्या, आणि इकडे दहावीची पोरं गणिताच्या तासाला फळ्याकडे तोंड करून गप्प बसली होती. शिकवायला कुणी नव्हतं. बाहेर आल्यावर अण्णा उमाकांतांशी फोनवर फार बोलले नाहीत. जाहिरात आजच द्या, एवढंच म्हणाले.

जाहिरात गेली. अजून कुणी रुजू झालेलं नाही, म्हणून मी अजून वैतागलेलाच आहे. सध्या अण्णांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक, गुरुराज, सकाळी येऊन तास घेतात. दुपारी शाळा सुटताना माझ्यापाशी हेमलताबाई उभ्या असतात. मनस्विनी परवा प्लास्टर काढून आली. आईचा हात सोडून, स्वल्प लंगडत, माझ्यातून आत गेली.

शाळा चालवणाऱ्यांनो, एक विनंती आहे. कुलूप घ्यायला दुकानात जाण्याआधी पोरं जिथून जातात तिथं एकदा उभे राहा, आणि ती जिथं बसतात तिथं एकदा बसा. मग घाला मला कुलूप, घालावंसं वाटलं तर.